भूल, मेंदू आणि कपाळावरची पट्टी

प्रश्न इंदूरच्या रामबागेतून आला आहे. वडील ७४ वर्षांचे, निवृत्त गणित शिक्षक. मोठ्या आतड्यात गाठ निघाली आहे. ऑपरेशन दुर्बिणीतून, तीन-चार तासांचं, आणि त्यासाठी पूर्ण भूल लागणार. बीपीची गोळी पंधरा वर्षं चालू आहे. लेकीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. इतका वेळ बेशुद्ध ठेवल्याने बाबांच्या मेंदूवर कायमचा परिणाम होईल का? ऑपरेशन चालू असताना जाग आली तर? आणि हॉस्पिटलने कपाळाला लावायच्या, मेंदूच्या लहरी दाखवणाऱ्या पट्टीचे पैसे वेगळे सांगितले आहेत, ती लावून घ्यावी का? नात्यातल्या एका काकांना ऑपरेशननंतर चार दिवस भ्रम झाला होता, बायकोलाही ओळखेनात, म्हणून घरात सगळ्यांनी धसका घेतला आहे.

मी २७ वर्षं इंदूरमध्ये भूल देते आहे. हे तीन प्रश्न मला जवळपास रोज ऐकायला मिळतात, पण इतके नेमके क्वचितच कुणी विचारतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी थेट उत्तर. नीट दिलेल्या भुलीने स्मरणशक्ती कायमची जाते, असं म्हणायला आधार नाही. मात्र या वयात ऑपरेशननंतरचे काही दिवस मेंदू गोंधळण्याची शक्यता खरी आहे. ती कमी करण्यासाठी बरंच काही करता येतं आणि त्यातलं निम्मं घरच्यांच्या हातात आहे. मधेच जाग येणं फार दुर्मिळ. पट्टी लावून घ्या, पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही हे कळून घ्या.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण शरीर जितका ऑक्सिजन वापरतं त्यातला २० टक्के एकटा मेंदू घेतो. त्याच्याकडे दर मिनिटाला ७०० ते ७५० मिली रक्त जातं. यकृतासारखी साठवण त्याच्याजवळ नाही. पुरवठा थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणून मेंदूची काळजी म्हटलं की आम्हाला आधी रक्तदाब आठवतो, औषधं नंतर.

निरोगी माणसाचा मेंदू स्वतःच्या रक्तवाहिन्या आवळून किंवा सैल सोडून प्रवाह जवळपास सारखा राखतो. सरासरी रक्तदाब ६० ते १५० मिमीच्या दरम्यान कुठेही असला तरी त्याला हे जमतं. हा पाठ्यपुस्तकातला आकडा आहे, माणसामाणसांत फरक असतो. सरासरी रक्तदाब काढायचा तर वरच्या आणि खालच्या आकड्यांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा खालच्या आकड्यात मिळवायचा, म्हणजे १४०/८० चा सरासरी १००. ज्यांना वर्षानुवर्षं बीपी आहे त्यांच्यात हा सगळा पट्टा वर सरकलेला असतो. वीस वर्षांच्या मुलाला ६० चा सरासरी रक्तदाब चालून जाईल, तुमच्या बाबांच्या मेंदूला तो कमी पडू शकतो. म्हणून आम्ही माणसाचा नेहमीचा रक्तदाब बघतो आणि शक्यतो त्याच्या आसपासच राहतो. भूल देताना दाब उतरतोच, तेव्हा दाब चढवणारं मेफेन्टरमीन किंवा फिनाइलएफ्रिन हाताशी भरून ठेवलेलं असतं.

माझी पहिली विनंती इथूनच येते. बाबा घरी बीपी मोजून वहीत लिहीत असतील तर ती वही भूलतज्ज्ञांना दाखवा. ओपीडीत भीतीने चढलेला १७० चा आकडा आम्हाला फारसं काही सांगत नाही. गणिताचे शिक्षक आहेत, वही असणारच. बीपीची कुठली गोळी ऑपरेशनच्या दिवशी सकाळी घ्यायची आणि कुठली आदल्या दिवशीच थांबवायची हेही तेव्हाच विचारून घ्या. टेल्मिसार्टन, रामिप्रिल या जातीच्या गोळ्या बऱ्याचदा थांबवतात, कारण त्यांच्यावर भूल दिली की दाब धाडकन पडतो. नाडी संथ ठेवणारं बीटा ब्लॉकर मात्र अचानक बंद करायचं नसतं.

दुसरी गोष्ट कार्बन डायऑक्साइडची. रक्तातला त्याचा दाब १ मिमीने बदलला की मेंदूकडचा प्रवाह साधारण ३ टक्क्यांनी बदलतो. व्हेंटिलेटरने जास्त जोरात श्वास दिला तर कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या वाहिन्या आवळतात आणि प्रवाह कमी होतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायला हाच वायू वापरतात, त्यामुळे उलट्या दिशेनेही लक्ष ठेवावं लागतं. त्यासाठीचा आलेख भुलीच्या यंत्रावर सतत चालू असतो. याबद्दल तुम्हाला काही विचारायची गरज नाही.

आता औषधं. लोक भुलीला झोप म्हणतात, मीही पेशंटला धीर द्यायला तसंच म्हणते. पण झोपलेल्या माणसाला हलवलं की तो उठतो. भुलीत पोट उघडलं तरी उठत नाही. यात तीन वेगळी कामं एकत्र केलेली असतात: जाणीव घालवणं, वेदनेचे संदेश अडवणं आणि स्नायू सैल करणं. प्रत्येकाचं औषध वेगळं. हे वेगळेपण लक्षात घेतलं की तुमचा दुसरा प्रश्न आपोआप उलगडतो.

जाणीव घालवायला हल्ली बहुधा प्रोपोफॉल देतात. दुधासारखं पांढरं, कारण ते सोयाबीनच्या तेलात आणि अंड्यातल्या लेसिथिनमध्ये घोटलेलं असतं. १९८६ पासून ते वापरात आहे. मी इथल्या सरकारी एमवाय हॉस्पिटलमध्ये शिकत होते तेव्हा आमचा रोजचा कारभार थायोपेन्टोन आणि हॅलोथेन या भुलीच्या जुन्या औषधांवर चाले. प्रोपोफॉल जपून वापरायची चीज होती. मेंदूत पेशींना शांत करणारा गाबा नावाचा एक रासायनिक संदेश असतो. प्रोपोफॉल त्याच्या कुलपाला चिकटून ते जास्त वेळ उघडं ठेवतं. क्लोराइडचे कण पेशीत शिरतात आणि पेशी संदेश पाठवेनाशी होते. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस आहे. वास सोडला तर सगळ्या संवेदना तिथे गाडी बदलून वर जातात, आपल्याकडच्या रतलाम जंक्शनसारखं. भुलीत थॅलॅमस आणि वरचा मेंदू यांच्यातली ये-जा बिघडते. कानात आवाज शिरतो, पण त्याचा अर्थ लावायला कोणी जागेवर नसतं.

शिरेतून गेलेल्या एका डोसाचा परिणाम पाच-दहा मिनिटांत ओसरतो, कारण औषध मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत पसरतं. म्हणून पुढचे तीन-चार तास एकतर पंपातून प्रोपोफॉलची धार चालू ठेवायची किंवा सेव्होफ्लुरेनसारखा वायू द्यायचा. वायूचा एक मोठा फायदा आहे. बाहेर पडणाऱ्या श्वासात तो किती आहे हे यंत्र मोजून दाखवतं, आणि त्यावरून मेंदूत किती पोचला असेल याचा चांगला अंदाज येतो. शिरेतल्या औषधाचं असं मोजमाप ऑपरेशनच्या टेबलावर होत नाही. पट्टीचा विचार करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

वय इथे फार बोलतं. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी वायूची गरज साधारण ६ टक्क्यांनी उतरते. म्हणजे बाबांना चाळिशीतल्या माणसापेक्षा पाचवा हिस्सा कमी पुरतो. प्रोपोफॉलचा सुरुवातीचा डोस तर तरुणाच्या निम्म्यावर येतो. शिवाय हृदय सावकाश चालत असल्याने औषध हातातून मेंदूत पोचायला वेळ लागतो. घाईत भूल देणारा माणूस ‘अजून झोपत नाहीत’ म्हणून आणखी औषध ढकलतो आणि दोन मिनिटांनी दाब कोसळतो. म्हाताऱ्या माणसाला भूल देताना थांबता येणं हे मला सगळ्यात मोठं कौशल्य वाटतं. मी हे माझ्या विद्यार्थ्यांना सिरिंजवरचा अंगठा उचलायला लावून शिकवते.

तिसरं काम स्नायू सैल करण्याचं. अॅट्राक्युरियम, रोक्युरोनियम ही औषधं नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करतात. मेंदूला ती शिवतही नाहीत. मधेच जाग येण्याची भीती जन्मते ती इथे. स्नायूंचं औषध पुरेसं आणि जाणिवेचं औषध अपुरं, असं झालं तर माणूस आतून जागा असतो आणि बोटही हलवू शकत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये देशभरातल्या अशा घटनांची मोठी तपासणी झाली, तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. पूर्ण भुलीच्या सुमारे १९,००० वेळांत एकदा पेशंटने स्वतःहून असा अनुभव सांगितला. स्नायूंचं औषध दिलेल्यांत हे प्रमाण ८,००० त एक, न दिलेल्यांत १,३६,००० त एक. आणि यातल्या साधारण दोन तृतीयांश घटना ऑपरेशनच्या ऐन मधे घडलेल्याच नव्हत्या. त्या भूल सुरू होताना किंवा उतरताना घडल्या होत्या.

कारणंही साधीच निघतात. सिरिंजांची अदलाबदल. वायूची टाकी संपलेली. शिरेतली सुई सरकली आणि प्रोपोफॉल शिरेऐवजी चादरीत गेलं. म्हणून धारेवर भूल असली की ज्या हातात सुई आहे तो हात मी कापडाखाली झाकू देत नाही. सर्जनना अडचण होते, पण माझ्याकडे येणाऱ्या सर्जनना हे आता ठाऊक आहे.

आता पट्टी. मेंदूची वीज डोक्यावरून टिपता येते हे जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसावर करून पाहिलं आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केलं. हा संकेत फार बारीक. हृदयाचा आलेख १ मिलीव्होल्टच्या आसपास असतो, कपाळावर मिळणारा मेंदूचा त्याच्या वीस-पंचविसाव्या हिश्श्याएवढा. भुलीने या लहरी बदलतात हे १९३७ पासून माहीत आहे. पण टेबलावर कच्चा आलेख वाचत बसणं बहुतेकांना जमेना. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बीआयएस यंत्राने लहरींचं गणित करून एकच आकडा दाखवायला सुरुवात केली. पूर्ण जागा माणूस १०० च्या जवळ, सपाट आलेख शून्यावर, आणि ऑपरेशनला योग्य भूल ४० ते ६० मध्ये.

प्रत्यक्षात ते कसं दिसतं ते सांगते. मागच्या महिन्यात बाबांच्याच वयाचे एक गृहस्थ टेबलावर होते. कपाळाला अष्टगंध, केसांना खोबरेल. त्यावर पट्टी चिकटत नाही, म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने कपाळ पुसावं लागलं. पुसण्याआधी मी त्यांना विचारलं, त्यांनी हात जोडून डोळे मिटले, मग पुसलं. कपाळाच्या मधापासून कानशिलापर्यंत पट्टी दाबून बसवली. पडद्यावर ९७. लहरी बारीक, गर्दीच्या, पापणी हलली की मोठा फटकारा. मी म्हटलं, ‘काका, एकोणतीसचा पाढा येतो?’ ते हसले आणि सुरू झाले. मी प्रोपोफॉल हळूहळू सोडत होते. ‘एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक... सत्त्याऐंशी.’ पुढे ओठ हलले, आवाज आला नाही. पापणीला बोट लावलं तर हालचाल नाही. आणि पडद्यावर अजून ९१! यंत्र मागच्या काही सेकंदांच्या लहरी गोळा करून गणित करतं, त्यामुळे ते माणसाच्या मागून चालतं. अर्ध्या मिनिटाने आकडा घसरला: ७४, ५८, ४६. लहरी आता मोठ्या आणि संथ झाल्या होत्या, आणि त्यांच्या पाठीवर सेकंदाला दहाएकच्या वेगाने बारीक नक्षी उमटली होती. प्रोपोफॉलमध्ये ही नक्षी कपाळाच्या बाजूला दिसू लागते. ती दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. वय वाढतं तशी ती फिकी होत जाते, पण काकांची स्वच्छ होती.

मी आकड्यापेक्षा लहरींकडे जास्त बघते. आकडा फसवतो. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्ण शुद्धीवर असलेल्या स्वयंसेवकांना जाणिवेचं कुठलंच औषध न देता फक्त स्नायू सैल करणारं औषध दिलं. ते टक्क जागे होते, आणि तरी बीआयएसचा आकडा ६० च्या खाली गेला. कारण कपाळाच्या स्नायूंची वीजही त्या गणितात मिसळलेली असते. उलट केटामिन हे भुलीचं दुसरं औषध दिलं की भूल गाढ होते आणि आकडा चढतो, कारण केटामिन गाबावर काम न करता उत्तेजनेचा दुसरा दरवाजा बंद करतं आणि लहरी वेगवान होतात. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू तर आकड्यात दिसतच नाही. रक्तवाहिन्या विजेने डागणाऱ्या सर्जनच्या कॉटरीनेही आलेख विस्कटतो. यंत्र बघून भूल देणारा आणि यंत्र समजून भूल देणारा यांच्यातला फरक अशा वेळी दिसतो.

मग पैसे द्यावेत का? २००४ मध्ये जाग येण्याचा धोका जास्त असलेल्या २,४६३ पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बीआयएस लावलेल्यांत २ जणांना जाग आली, न लावलेल्यांत ११. मोठा फरक वाटला. २०११ मध्ये ६,००० हून अधिक पेशंटवर बीआयएसची तुलना बाहेर पडणाऱ्या वायूच्या मोजमापाशी केली, तेव्हा बीआयएस सरस ठरलं नाही. माझं मत असं: प्रोपोफॉलची धार चालवणार असतील तर पट्टी हवीच, यात मी तडजोड करत नाही. वायू देणार असतील आणि त्याचं मोजमाप होत असेल, तर जाग न येण्यासाठी पट्टीची फारशी गरज नाही. पण ७४ व्या वर्षी मला ती वेगळ्या कारणासाठी हवी असते: भूल जास्त होऊ नये म्हणून. गरजेपेक्षा औषध जास्त झालं की आलेख मधे मधे सपाट पडू लागतो. काही सेकंद रेघ, मग लहरींचा एक झोत, पुन्हा रेघ. हे दिसलं की मी औषध उतरवते.

त्याने नंतरचा भ्रम टळतो का, यावर आमच्या शाखेत खरोखर दोन मतं आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेत ६० वर्षांवरच्या १,२३२ पेशंटवर झालेल्या अभ्यासात लहरी बघून भूल दिलेल्यांत २६ टक्क्यांना भ्रम झाला आणि नेहमीच्या पद्धतीत २३ टक्क्यांना, म्हणजे फायदा दिसला नाही. २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात हलकी भूल, आकडा ५० च्या आसपास, असलेल्यांत १९ टक्के आणि गाढ भूल, आकडा ३५ च्या आसपास, असलेल्यांत २८ टक्के. मी हलक्या बाजूला राहते. रेघ सपाट होऊ दिल्याने कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. १९९८ मध्ये ६० वर्षांवरच्या १,२१८ पेशंटच्या स्मरणाच्या आणि लक्षाच्या चाचण्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर घेतलेला एक गाजलेला अभ्यास आला. आठवड्याने सुमारे २६ टक्के लोक आधीपेक्षा मागे पडलेले होते. तीन महिन्यांनी १० टक्के. ऑपरेशन न झालेल्या त्याच वयाच्या लोकांतही सुमारे ३ टक्के मागे पडले होते, हे लक्षात घ्या. म्हणजे बहुतेकांचा मेंदू सावरतो. दोष भुलीच्या औषधाचा असता तर कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिलेल्यांचं प्रमाण कमी दिसायला हवं होतं. तसं दिसत नाही. २०२१ मध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या १,६०० वृद्धांवरचा अभ्यास आला, त्यात कमरेतली भूल आणि पूर्ण भूल या दोन्हींत भ्रमाचं प्रमाण सारखंच, २० टक्क्यांच्या आसपास होतं. ऑपरेशनने शरीरात जो दाह उठतो त्याची झळ मेंदूला लागते. वेदना, जागरण, जंतुसंसर्ग, रक्त कमी होणं, सोडियम घसरणं हे सगळं वर. म्हणून ‘पूर्ण भूल नको, कमरेत द्या’ असा आग्रह धरू नका. या ऑपरेशनला तो लागूही नाही.

भ्रमाला आपली जुनी माणसं ‘वात झाला’ म्हणायची. वात म्हटलं की बडबड, उठून पळणं डोळ्यांसमोर येतं. पण वृद्धांत बऱ्याचदा उलट होतं. माणूस गप्प होतो, भिंतीकडे बघत पडून राहतो, आणि वॉर्डात सगळे म्हणतात, ‘बाबा किती शांत आहेत.’ हा गप्प भ्रम सहज निसटतो.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी तिथे एका ७८ वर्षांच्या आजोबांना भूल दिली होती. तिसऱ्या दिवशी आयसीयूतून निरोप आला की पेशंट पागल झालाय, रात्री गुंगीचं मिडॅझोलम द्यावं लागलं, हात बांधलेत. मी गेले. सिस्टर चांगली, मेहनती मुलगी, पण मराठी तिला येत नव्हतं. नोंदीत लिहिलेलं, निरर्थक बडबड. आजोबा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते: ‘तुंबलंय. तुंबलंय.’ मी चादर उचलली. लघवीची नळी मांडीखाली दुमडली होती. पोट टम्म फुगलेलं. नळी सरळ केली तशी पिशवीत ९०० मिली लघवी आली. आजोबांनी डोळे मिटले. हात सोडले, गुंगीचं औषध बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते मला माझ्या माहेरचं आडनाव विचारत होते. त्यांना भ्रम झाला होता हे खरं. पण त्या भ्रमातून ते आम्हाला नेमकं दुखणं सांगत होते, आणि रात्रभर ते कुणाला कळलं नाही.

आपल्या इंदुरी मराठी घरांतली ही अडचण पुणे-मुंबईच्या लोकांना चटकन ध्यानात येणार नाही. बाबा आयुष्यभर बाजारात आणि ऑफिसात उत्तम हिंदी बोललेले असतात. पण मेंदू थकला की तो घरच्या भाषेत शिरतो. तेव्हा त्यांना हिंदीत प्रश्न विचारून ‘उत्तर देत नाहीत’ असं ठरवणं अन्यायाचं आहे. लक्ष टिकतंय का हे बघायला आम्ही महिने उलटे म्हणायला सांगतो. मी मराठी वृद्धांना फाल्गुनापासून मागे जायला सांगते: फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष. डिसेंबर-नोव्हेंबरला अडखळणारे कितीतरी जण हे घडाघडा म्हणतात.

भ्रम वाढवणारी काही औषधं टाळता येतात, आणि ती नावं तुम्हाला माहीत असायला हरकत नाही. मिडॅझोलम, लोराझेपामसारखी गुंगीची औषधं, झोपेसाठी सर्रास दिलं जाणारं प्रोमेथाझिन, खाज आली की टोचलं जाणारं फेनिरामिन, दुखण्यावरचं पेथिडिन. नाडी वाढवणारं, लाळ आटवणारं अॅट्रोपिन मेंदूत शिरतं, त्याच कामाचं ग्लायकोपायरोलेट शिरत नाही. रेणूवरच्या विद्युतभारामुळे ते रक्त आणि मेंदू यांच्यातल्या भिंतीवर अडतं. म्हणून या वयात मी दुसरं वापरते. मात्र दुखण्याचं औषध भीतीने नाकारू नका. न शमलेली वेदनाही भ्रम आणते. पॅरासिटामॉल ठरावीक वेळांना आणि पोटाच्या भिंतीतल्या नसांना बधिर करणारा ब्लॉक किंवा पाठीतली बारीक नळी, असं असलं की अफूच्या जातीची औषधं कमी लागतात.

अफूवरून आठवलं. आपला भाग माळव्याचा. मंदसौर, नीमच, रतलामकडे अफू पिकते, आणि जुन्या पिढीत थोडी अफू घेणारे किंवा रोज भांगेची गोळी चढवणारे पुष्कळ असतात. शिक्षक असोत की शेतकरी, मी सगळ्यांना विचारते, आणि नातेवाईकांसमोर विचारत नाही. दारूचंही तसंच. रोजची सवय लपवली तर भुलीचा अंदाज चुकतो, आणि तिसऱ्या दिवशी सवय तुटल्याचा थरकाप होतो, तो सगळ्यांना भ्रम वाटतो. बाबांना यातलं काही असेल तर डॉक्टरांना एकट्यात सांगू द्या. कुणीही त्यांना रागावणार नाही.

ऑपरेशनच्या सकाळी पोहे नाहीत, जिलबी नाही, ‘अर्धा कप दूध चालेल’ हेही नाही. साध्या खाण्यानंतर ६ तास, तळलेलं-तुपाचं असेल तर ८. साधं पाणी मात्र डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर २ तास आधीपर्यंत चालतं, आणि म्हाताऱ्या माणसाला रात्रीपासून कोरडं ठेवण्यापेक्षा ते बरं. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण रात्री दहापासून पाणी तोडलेला, डोळे खोल गेलेला पेशंट मला दर आठवड्याला भेटतो, आणि भूल दिल्यावर सगळ्यात जास्त दाब त्याचाच पडतो.

चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी एका डब्यात घालून, डब्यावर नाव लिहून, ऑपरेशननंतर शुद्धीवर आणतात त्या रिकव्हरीच्या खोलीत परत द्यायला सांगा. शुद्धीवर आलेल्या माणसाला ना दिसतंय, ना ऐकू येतंय, आणि भोवती निळ्या टोप्यांतली अनोळखी माणसं, अशा वेळी धडधाकट मेंदूही गोंधळेल. पहिल्या दोन-तीन रात्री घरचं, मराठी बोलणारं एक माणूस पलंगाजवळ बसू शकेल का हे आत्ताच विचारून ठेवा. आयसीयूत परवानगी देत नसतील तर संध्याकाळचा एक तास तरी मागा, कारण भ्रम अंधार पडताना वाढतो. दिवसा खिडकीचा पडदा उघडा, रात्री दिवा मंद, समोर घड्याळ. लवकर उठवून बसवा. ते गप्प गप्प वाटले तर ‘आराम करू दे’ म्हणू नका, सिस्टरना सांगा की हे नेहमीचे बाबा नाहीत. नेहमीचे बाबा कसे असतात हे तुमच्याशिवाय तिथे कुणालाच माहीत नाही.

भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: वायू की प्रोपोफॉलची धार, बाबांचा सरासरी रक्तदाब किती राखणार, आणि रात्रीच्या झोपेसाठी कुठलं औषध लिहिणार. आणि आज रात्री जेवणं झाली की बाबांना समोर बसवून फाल्गुनापासून उलटे महिने म्हणायला लावा. किती सेकंद लागले, कुठे चुकले, ते त्यांच्याच बीपीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचाराल, तेव्हा ताडून बघायला हा आजचा आकडा लागेल.